बेचिराखमधली राख

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा पिंपरीहून फोन आला. विषय नेहमीचाच, गावचं घर. अब्बा जाऊन पाच वर्षं झाली, अम्मीला जाऊन तीन. तेव्हापासून घराला कुलूप आहे. आता गिऱ्हाईक आलंय, भाव बरा मिळतोय, सहीसाठी मला एक दिवस रजा टाकावी लागेल, असं तो सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "घर तो बेचिराग हो गया आपा, रखके क्या करना?"

सहीबद्दल मी हो-नाही काहीच बोलले नाही. म्हटलं, रविवारी बोलू. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या एका शब्दापाशीच बसून राहिले. भावाला मराठीतलं 'बेचिराख' म्हणायचं नव्हतं. घर काही जळलेलं नाही. कौलं धड आहेत, भिंती उभ्या आहेत, परड्यातला शेवगा दरवर्षी शेंगा देतो. तो उर्दूतला मूळचा शब्द बोलला होता आणि अगदी बरोबर बोलला होता. मी मात्र हा शब्द कितीतरी वर्षं चुकीचा समजले आणि, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचा शिकवला.

बी.एड.चा एक सराव पाठ आठवतो. आठवीचा वर्ग, विषय मराठी. उताऱ्यात शत्रूनं गावं बेचिराख केली अशा अर्थाचं वाक्य होतं. नवीन शब्द आयता सांगू नये, मुलांकडून काढून घ्यावा, असं आमच्या डोक्यात भरवलेलं. मी फळ्यावर शब्द लिहिला, शेवटच्या दोन अक्षरांखाली रेघ ओढली आणि विचारलं, "या शब्दात कोणता शब्द लपलाय?" सगळा वर्ग ओरडला, "राख!" मग अर्थ काय? "जळून राख झालेलं!" मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक बाईंनी माझ्या वहीत 'शब्दार्थ विद्यार्थ्यांकडून काढून घेतला, छान' असा शेरा दिला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

राख निघाली खरी, पण उरलेल्या 'बेचि'चं काय करायचं, हे एकाही मुलानं विचारलं नाही. मलाही तो प्रश्न पडला नाही. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात माझा उर्दूचा पाठ होता आणि त्यात मी 'बे' हा उपसर्ग शिकवत होते. बेकार, बेरंग, बेकसूर, बेखबर. उदाहरणांनी फळा भरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डोळे उघडले ते सीमेपलीकडे. माझ्या नणंदेचं सासर चिकोडी तालुक्यात आहे. तिच्या जमिनीच्या उताऱ्याचं काहीतरी काम होतं, म्हणून एका सुट्टीत तिच्याबरोबर तलाठ्याच्या कचेरीत गेले होते. तिथं गावांची एक यादी होती, कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येत नाही. नणंदेचा मुलगा आपला वेळ जावा म्हणून मोठ्यानं वाचत होता. एका नावापुढं तो म्हणाला, "बेचिराक."

मी विचारलं, "कधी जळलं हे गाव?"

तलाठी हसले. मराठी छान बोलत होते. म्हणाले, "जळलं नाही बाई. गावाची नोंद आहे, शिवार आहे, सारा आहे. वस्ती तेवढी नाही. कुणी राहत नाही तिथं."

परतताना भाच्यानं मुद्दाम त्याच शिवारातून गाडी घातली. दोन्ही अंगाला डोक्याच्या वर गेलेला ऊस. पाण्याचा पाट वाहत होता. शेजारच्या गावची माणसं भांगलण करत होती. इतकं हिरवं बेचिराख गाव बघून मला हसू यायला लागलं आणि हसता हसता कान तापले. बे-चिराग. दिव्याविना. वीस वेळा तरी वर्गात चिराग शब्दाचं अनेकवचन शिकवलेल्या बाईला तो चिराग या शब्दात दिसला नव्हता.

शब्दाचा अर्थ खरोखर एवढाच आहे. बे म्हणजे विना आणि चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. गाव कुणी जाळलं, की पटकीनं माणसं गेली, की दुष्काळात उठून गेली, की पाटलाच्या जाचानं रातोरात निघून गेली, याच्याशी शब्दाला कर्तव्य नाही. फार्सी दप्तराच्या कारकुनाला एकच जाणून घ्यायचं होतं, इथं माणूस राहतो की नाही. कर्नाटकात महसुली कागदांत हा शब्द 'बेचिराक' म्हणून आजही चालतो. मराठवाड्यात आणि तेलंगणात, म्हणजे जिथं निजामाचं उर्दू दप्तर होतं त्या मुलखात, 'बेचिराग' गावं आहेत. पंजाबच्या जमीन दप्तरातही बेचिराग गावं आहेत. आपल्याकडेच काय ते त्याचं बेचिराख होऊन कागदातून वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेलं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. त्यात हा शब्द फार्सी म्हणून, दिव्याविना या फोडीसह, आणि ओसाड, माणसं गेलेलं या अर्थानं आलेला आहे. आगीचं नाव नाही. म्हणजे राखेचा अर्थ शब्दाच्या आत नव्हता, तो नंतर आवाजाच्या सारखेपणानं चिकटला. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अनोळखी शब्दात ओळखीचा तुकडा दिसला की लोक तो धरून बसतात. माझ्या आठवीच्या वर्गानं जे केलं तेच मराठीनं केलं, फक्त जरा सावकाश.

पण 'ग'चा 'ख' का झाला? फार्सीचा तो घशातला ग आपल्याकडे साधारणपणे ग म्हणूनच येतो. बाग, गरीब, गैर. चिराग सुटा आला तर तोही चिरागच राहतो. मग इथंच का बिघडला? मला आधी वाटायचं की राखेनंच तो ओढून घेतला. पण कन्नडचं 'बेचिराक' ऐकल्यापासून मी तितकी ठाम नाही. कन्नडमध्ये राखेला बूदी म्हणतात. तिथं कुणाला त्या शब्दात राख दिसायचं कारण नाही, तरी शेवटचा ग गेलेलाच आहे. एकतर त्यांनी शब्द मराठीकडून बिघडलेलाच घेतला असेल, किंवा तोंडातल्या तोंडात ग आधी सैल झाला आणि रिकाम्या जागेत राख नंतर येऊन बसली असेल. मला दुसरं जास्त पटतं. आवाज आधी बदलतो, अर्थ त्याच्या मागून येतो.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक नातं सांगते. कुरआन शरीफमध्ये 'सिराज' हा शब्द आला आहे. सूरह नूह आणि सूरह नबा इथं सूर्यासाठी, तर सूरह अहजाबमध्ये पैगंबरांसाठी. सिराज म्हणजे दिवा. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द अरबीत आरामी भाषेतून आला आणि त्याचं मूळ त्याहून मागं जुन्या इराणी भाषेकडे जातं. म्हणजे आपला सिराज आणि आपला चिराग हे भाऊबंद. दिल्लीचे हजरत नसीरुद्दीन 'चिराग देहलवी' झाले आणि औरंगाबादचा अठराव्या शतकातला थोर शायर 'सिराज' झाला. दोघांच्या नावात एकच दिवा आहे. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा सिराज असतोच. त्याला हे सांगितलं की तो दिवसभर ताठ मानेनं फिरतो.

गाव किती मोठं हे सांगायला मराठीत उंबरा आहे. शंभर उंबऱ्यांचं गाव. काही ठिकाणी चुलीवरून मोजतात. पण गाव नाही हे सांगायला मात्र दिवा लागला. मला त्याचं कारण साधं वाटतं. उंबरा माणसं गेल्यावरही राहतो. चूलही राहते, काळी पडलेली. दिव्याला मात्र रोज कुणीतरी हात लावावा लागतो. वीज नसलेल्या काळात लांबून, माळावरून येणाऱ्या माणसाला गाव जिवंत आहे की नाही हे दिवेलागणीला कळत असणार.

गाव रिकामं होणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नव्हती. त्यासाठी शब्दांची केवढी रांग आहे बघा. ओस, ओसाड, उजाड, भकास. फार्सी 'वीरान'चं आपण 'वैराण' केलं. 'परागंदा' हाही फार्सीच. उर्दूत परागंदा म्हणजे विखुरलेलं, विस्कटलेलं. उर्दूत मन परागंदा होतं, मराठीत माणूस परागंदा होतो. घरदार सोडून, मुलूख सोडून निघून जातो. एकाच शब्दाला उर्दूनं शायराकडे पाठवलं आणि मराठीनं कुळाकडे.

पुण्याचीच गोष्ट घ्या. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, हे शाळेत सगळेच शिकतात. पण १६३० ते ३२ याच काळात दख्खनमध्ये आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता, ते धड्यात एका ओळीत उरकलेलं असतं. नांगराचं चित्र काढता येतं, दुष्काळात उठून गेलेल्या माणसांचं कसं काढणार? गावं रिकामी झाली त्यात नांगराचा वाटा किती आणि भुकेचा किती, असा प्रश्न मी एकदा वर्गात टाकला होता. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नांगर एकाच गावावर फिरला ना?" मला अजून त्याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

पुढं शहाजीराजांच्या जहागिरीत आणि मग शिवाजी महाराजांच्या काळात ओस गावं पुन्हा बसवायची पद्धत दिसते. रयतेला कौल द्यायचा, म्हणजे शब्द द्यायचा. 'कौल' हा अरबीतला 'कौल'च, बोललेलं वचन. पडीक जमीन लावणाऱ्याकडून पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा घ्यायचा, मग दरवर्षी थोडा थोडा चढवत पूर्ण दरावर आणायचा. त्याला इस्तावा म्हणत. गाव बेचिराख करायला एक रात्र पुरते, ते पुन्हा लावायला कित्येक वर्षांची सूट द्यावी लागते.

आणि या सगळ्याच्या उलट टोकाला 'आबाद'. उर्दूत लोकसंख्येला सरळ 'आबादी' म्हणतात. शहराची आबादी पाच लाख, असं. मराठीनं हा शब्द घेतला आणि त्याचं काय केलं? 'आबादीआबाद'. म्हणजे सगळं छान, सगळी बरकत, काळजीचं कारण नाही. उर्दूत जो निव्वळ मोजणीचा शब्द आहे त्यातून मराठी माणसाला खुशाली ऐकू आली. माणसं आहेत ना, मग सगळं ठीक आहे. मला हे फार आवडतं. भांडण लावायला निघालेल्या लोकांना मी हे एकदा ऐकवणार आहे, उर्दू आणि मराठी एकमेकींच्या घरात किती वर्षं ऊठबस करतात ते.

कोल्हापुरात हे बोलताना माधव जूलियनांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माधव त्र्यंबक पटवर्धन, फार्सीचे प्राध्यापक, आमच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालचा. मराठीत मुरलेले फार्सी शब्द वेचून ते मांडणारं एवढं काम दुसरं क्वचितच कुणी केलं असेल. आणि याच माणसानं पुढं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द काढून टाकण्याची बाजू घेतली. १९३८ सालची गोष्ट. मला त्यांचा राग येत नाही, पण कोडं मात्र उलगडत नाही. ज्याला शब्दाचं मूळ दिसतं त्याला तो परका वाटतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला तो आपला वाटतो, असं काही असेल का? बेचिराख शब्द वाचला तो कदाचित या राखेमुळेच. त्यातला चिराग झाकला गेला म्हणून कुणी त्याला बाहेरचा म्हणालं नाही.

तरी एक नुकसान झालंच. शब्दाला राख चिकटल्यापासून आपण बेचिराख म्हटलं की आग शोधतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. कोल्हापुरात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पेपरात 'जळून खाक', लोकांच्या तोंडी 'बेचिराख'. (खाकचीही तीच कथा. फार्सीत खाक म्हणजे माती. मराठीत तीही जळाल्याशिवाय होत नाही.) पण त्या सकाळी नाट्यगृहासमोर केवढी गर्दी होती! कलाकार होते, पडद्यामागचे कामगार होते, नुसती बघायला आलेली म्हातारी माणसं होती. कितीतरी जण रडत होते. इमारत जळली होती, पण ज्या जागेसाठी एवढी माणसं येऊन उभी राहतात तिला जुन्या कारकुनानं बेचिराग म्हटलं नसतं.

त्याच्या महिनाभर आधी, १४ जुलैला, विशाळगडाच्या अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या दिवशी गजापूरच्या मुसलमानवाडीत जमावानं घरांची, गाड्यांची आणि मशिदीची मोडतोड केली. पावनखिंडीच्या परिसरातलं हे गाव. शाळेच्या सहलीला आम्ही मुलांना तिकडं घेऊन जातो. त्या रात्री आमच्या नात्यातल्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'वाडी बेचिराख झाली.' मी ते वाचलं आणि मला खरी भीती वाटली ती मूळ अर्थाची. मोडलेलं घर बांधता येतं. पण उद्यापासून या लोकांनी इथं दिवा लावायचा की नाही, हे कोण ठरवणार? रात्री झोपताना तोच प्रश्न आणि सकाळी उठल्यावर तोच. शाळेत गेले तर शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुणी बोललं नाही, मीही नाही. एका बाईंनी फक्त माझ्या चहात साखर घालून कप पुढं सरकवला. मी बिनसाखरेचा पिते हे त्यांना माहीत आहे. मी तो तसाच प्यायले. पुढं कळत गेलं की वाडी उठून गेलेली नाही, माणसं आहेत. तेव्हा कुठं जरा श्वास घेतला. वाडीचं नुकसान झालं, अपमान झाला, पण बेचिराग करणं जमलं नाही. हा फरक मला शब्दानं शिकवला.

आणि जिथं काडीही पेटली नाही तिथं काय चाललंय? सह्याद्री उतरून खाली गेलं की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या पुढं होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. लढाई झाली नाही, साथ आली नाही, कुणी नांगर फिरवला नाही. माणसं मुंबईला गेली, पुण्याला गेली, आखाती देशांत गेली. आमच्या ओळखीतल्या एका कोकणी घराण्याचं खाडीकाठी दोन मजली घर आहे, संगमरवरी फरशीचं. सगळी कमाई दुबईची, त्यामुळे घर असं देखणं, आणि वर्षातले अकरा महिने बंद. मे महिन्यात भाचरं येतात, तेवढ्यापुरते दिवे लागतात. शेजारच्या वाडीतली घरं गणपतीला उघडतात. अशा घरांना कुणी बेचिराख म्हणत नाही, कारण ती नवीकोरी दिसतात. मूळ शब्दाला विचारलं तर तो काय म्हणेल, सांगता येत नाही.

एकेकाळी हे आमच्या कोल्हापुरातही घडलंय. १९०१च्या जनगणनेत कोल्हापूर संस्थानाची लोकसंख्या ९,१०,०११ होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडी कमी. पुढच्या जनगणनेत ती साडेआठ लाखांच्याही खाली गेली. हे प्लेगचे दिवस. माझ्या दादीच्या सासूनं ते पाहिले होते. दादी सांगायची, गावात उंदीर पडायला लागले की सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. बायका संध्याकाळी माळावरून गावाकडं बघायच्या. अख्खं गाव काळं. "गाव है, पर दिया नहीं," असं ती सासूची नक्कल करून सांगायची. तिला बेचिराग शब्द ठाऊक होता की नाही कोण जाणे, अर्थ मात्र तोंडपाठ होता.

जनगणना मी एकदा स्वतः केली आहे. २०१० सालच्या घरयादीच्या कामाला मी प्रगणक होते. ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या गटात जुने वाडे खूप. घरात कुणी नसेल तर ते रिकामं आहे की कुलूपबंद आहे हे लिहावं लागायचं. दोन्हींत फरक आहे. रिकामं म्हणजे तिथं कुणी राहतच नाही. कुलूपबंद म्हणजे राहणारे आहेत, पण सध्या नाहीत. आता दाराकडं बघून हे कसं कळणार? शेजाऱ्याला विचारायचं. एका वाड्याला इतकं गंजलेलं कुलूप होतं की किल्ली फिरली नसती. मी 'रिकामे' लिहायला लागले तर समोरच्या आजोबांनी हात धरला. "येतात ओ. लिहा कुलूप." किती वर्षांपूर्वी आले होते असं विचारलं तर आजोबा गप्प. मी कुलूपबंद लिहिलं. पूर्ण देशात २०११ साली ६ लाख ४० हजारांवर गावं मोजली गेली आणि त्यांतली सुमारे ४३ हजार वस्ती नसलेली निघाली. त्यांच्या मागं असे हात धरणारे किती आजोबा असतील, ते आकड्यात नाही.

तर आमचं घर. पन्हाळा तालुक्यातलं, चार खणांचं. मराठीत मुलाला वंशाचा दिवा म्हणतात आणि उर्दूत घर का चिराग. दोन्ही भाषांचं या बाबतीत अगदी एकमत. आमचा चिराग पिंपरीला असतो आणि घराचं लाइट बिल माझ्याकडं येतं. वापर शून्य युनिट, स्थिर आकार तेवढा. भाऊ म्हणतो, मीटर काढून टाकू, कशाला फुकट भरतेस? मी दर महिन्याला मोबाइलवरून भरते आणि विषय बदलते.

तो वाईट नाही. शरियतप्रमाणे त्याचे दोन वाटे आणि माझा एक. तो माझा वाटा पै न पै देईल याची मला खात्री आहे. त्याच्या मुलीचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत. मी तरी गावी किती जाते? वर्षातून दोनदा, कब्रस्तानात फातिहा पढायला. घर उघडते, झाडते, तासाभरात परत. मग मी कशासाठी अडून बसलेय हे त्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नाही. तिथं राहायला कुणी जाणार नाही हे मला ठाऊक आहे. विकलं तर निदान घेणारा राहील, दिवा लावेल. शब्दाच्या हिशेबानं बघितलं तर विकणं हेच घर आबाद करणं आहे. हे मला त्या रविवारी भावाशी बोलण्याआधीच सुचलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी एवढंच म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांब. तेव्हा येते सहीला."

"पक्का?"

"पक्का."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आक्कांना फोन केला. अम्मीच्या मैत्रीण, आता सत्तरीच्या पुढं. घराची एक किल्ली त्यांच्याकडं असते. घर विकायचं चाललंय हे त्यांना आधीच कळलं होतं. गावात काय लपतं? त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. कोंबड्यांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "व्हय गं, पुन्यांदा त्या माणसं मोजनाऱ्या बाया येनार हायत म्हनं. तुझ्या घरापुढं आल्या तर काय सांगू?"

"कुलूप आहे म्हणून सांगा आक्का. रिकामं म्हणू नका."

"आन् इच्यारलं कुठं ग्येल्यात तर?"

"कोल्हापूरला गेलेत म्हणावं," मी म्हणाले. "येतात."